किनाऱ्यावर धावायचंय? मग भरती आणि उधाण यांत गल्लत नको

पौर्णिमेला किनाऱ्यावर धावायला जाऊ नये, उधाण असतं, असा सल्ला कोकणात सुट्टीला गेलेल्या माणसाला कोणीतरी हमखास देतं. दुपारी बाराला निघणार असाल तर तो बरोबरच आहे. पण पहाटे सहाला धावायचं असेल, तर पंधरवड्यातला सगळ्यात रुंद आणि घट्ट किनारा नेमका त्याच दिवसांत मिळतो. भरती आणि उधाण एकच, असं धरून चालल्यामुळे हा घोळ होतो.

भरती-ओहोटी हा रोजचा मामला. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून कालच्या वेळेपेक्षा आजची वेळ पाऊण-एक तास पुढे सरकलेली असते. उधाण आणि भांग यांचा हिशेब मात्र पंधरवड्याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, ते उधाणाचे दिवस. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, ओढ एकमेकांना मारते, ते भांगाचे. भरती म्हणजे पाणी कधी चढणार. उधाण-भांग म्हणजे किती चढणार.

आणि किती उतरणार, हेही. लोक विसरतात ते इथेच. उधाणाला पाणी जेवढं वर येतं तेवढंच ते ओहोटीला खाली जातं. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरचा असतो, भांगाला तो दीड-दोन मीटरवर येतो. दक्षिणेकडे जाल तसा तो कमी होत जातो. गोव्यात उधाणालाही दोन मीटरच्या आतबाहेरच. म्हणजे हा सगळा खेळ अलिबाग-मुरुडकडे जितका ठसठशीत दिसतो तितका कळंगुटला दिसणार नाही.

धावणाऱ्याला याच्याशी काय देणंघेणं? पायाखालच्या वाळूचं. सुरूच्या बनालगतच्या कोरड्या, भुसभुशीत पुळणीत पाय रुततो आणि ढकललेला जोर वाळू सरकवण्यातच जातो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरड्या वाळूवर धावायला घट्ट जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं मोजलं गेलं. मजा म्हणजे चालण्यात हा फटका आणखी मोठा, दुपटीहून जास्त. पोटऱ्यांना मुद्दाम घाम फोडायचा असेल तर दहा मिनिटं कोरड्यात जरूर धावा. रोजचा पल्ला तिथे मारायला जाल तर टाचेमागची शीर दुसऱ्या दिवशी बोलायला लागते.

पाणी नुकतंच हटलेली वाळू याच्या उलट. तिच्यावर पाऊल दाबून पाहा: पावलाभोवती क्षणभर फिकट, कोरडी कड उमटते आणि पाय उचलताच तिथे पाणी साचतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. गच्च बसलेले कण दाबामुळे सरकतात, तेव्हा त्यांना एकमेकांवरून जाण्यासाठी जागा लागते. फटी वाढतात, वरचं पाणी आत ओढलं जातं आणि त्या क्षणापुरती वाळू आणखी कडक होते. ओहोटीच्या पट्ट्यात गाडीचे टायर रुतत नाहीत आणि सायकल सुरळीत चालते, त्यामागे हीच घट्ट बसलेली वाळू आहे. शिवाय भरतीच्या रेघेजवळ किनारा उतरता असतो, खालचा पट्टा बहुतेक ठिकाणी जवळजवळ सपाट. उतारावर एका बाजूने धावत गेलं की समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर-गुडघा कुरकुरतो.

तर हा खालचा सपाट पट्टा उघडा पडतो ओहोटीला, आणि सगळ्यात जास्त उघडा पडतो उधाणाच्या ओहोटीला. वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या धरायची पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. त्यात सहा तास वाढवले किंवा वजा केले की ओहोटी. तासभर इकडेतिकडे होतं, पण धावण्यापुरतं चालतं.

आता मांडून पाहा. पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास, म्हणून ओहोटी पहाटे-सकाळी. प्रतिपदेला ती साताच्या सुमारास, द्वितीयेला पावणेआठच्या. उधाणाचा जोरही नेमक्या तिथीपेक्षा एक-दोन दिवस मागून येतो, त्यामुळे पौर्णिमा ते तृतीया आणि अमावास्या ते तृतीया या सकाळी सोन्याच्या. दिवाळी पाडव्याला कोकणात असाल तर अभ्यंगस्नानाआधी एक चक्कर मारून घ्या. कोजागरीला मात्र मध्यरात्री दूध आटवायला पुळणीवर सतरंजी पसरणाऱ्यांनी ती जरा वरच पसरावी.

अष्टमी-नवमीला सकाळी सहा-सातला भरती असते आणि संध्याकाळीही तीच वेळ, म्हणजे नोकरदार धावपटूची दोन्ही बाजूंनी पंचाईत. भांगाचं पाणी फार वर येत नाही, त्यामुळे भिजायची भीती नाही. पण घट्ट पट्टा अरुंद आणि उतरता मिळतो. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, हे ऐकून अशा दिवशी पोचलेल्यांना ओहोटी असूनही वाटेत पाणी लागतं, त्याचं कारण हेच.

उधाणाचा धोका आहे तो परतीच्या वाटेवर. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा की सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि एक. चार मीटरच्या उधाणात तिसऱ्या तासाला पाणी एक मीटर चढतं. पन्नास मीटरला एक मीटर उतार असलेल्या किनाऱ्यावर म्हणजे तासाभरात पन्नास मीटर पट्टा गेला. जाताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा किंवा खाडीचं मुख येताना मांडीएवढं झालेलं असतं. म्हणून ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात परत यावं. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाणार असाल तर त्याहून लवकर.

पावसाळ्यात यात तिसरा गोंधळ मिसळतो. बातम्यांत "आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार" असं छापतात, पण तो आकडा बहुतेक वेळा लाटेचा नसतो, भरतीच्या पातळीचा असतो. लाटा वाऱ्याने येतात, त्या तिथीवरून कळत नाहीत आणि भरतीच्या तक्त्यातही नसतात. नैऋत्य वारा जोरात असला की भांगाच्या दिवशीही पाणी पुळण खात वर येतं, आणि ओहोटीच्या वेळी मागे ओढणारा प्रवाह पाय उचलून नेतो. जून ते ऑगस्ट तक्ता काहीही सांगो, गावातल्या डांबरी रस्त्यावर धावलेलं बरं.