सांस्कृतिक वारसा संस्थांमधला खुला संशोधन डेटा

म्युझियम, ग्रंथालय, अभिलेखागार अशा संस्थांत संशोधनातून जो डेटा तयार होतो तो नीट नोंदवून, लायसन्स लावून सगळ्यांना वापरायला देणं आणि पन्नास वर्षांनीही उघडेल असा सांभाळणं, असं हे दुहेरी काम. वस्तूंचे फोटो तर आलेच, पण चित्राचे एक्स-रे, रंगाच्या थरांची मोजमापं, उत्खननाच्या नोंदी, थ्रीडी स्कॅन हेही यातच येतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण २००३ च्या बर्लिन जाहीरनाम्यापासून (ज्ञान सगळ्यांना खुलं असावं असं सांगणारा) धरतात, कारण त्यात सांस्कृतिक वारशाचा स्पष्ट उल्लेख आहे. काही जण २०१२ सांगतात, तेव्हा युरोपियानाने (युरोपातल्या वारसा संस्थांचे संग्रह एकत्र दाखवणारं पोर्टल) २ कोटींहून जास्त वस्तूंचा मेटाडेटा, म्हणजे त्यांच्याबद्दलच्या नोंदी, सीसी झिरो लायसन्सखाली, म्हणजे कुठलीही अट न घालता, खुला केला. दुसरं मत जास्त पटतं, कारण तिथे नुसती इच्छा नव्हती, नोंदी खरोखर हातात आल्या. पुढे २०१६ मध्ये फेअर तत्त्वं आली, म्हणजे डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या सिस्टीमशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा.

जतनाचा पाया म्हणजे ओएआयएस मॉडेल, म्हणजे डिजिटल अभिलेखागार कसं असावं याची चौकट (आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४७२१, पहिली आवृत्ती २००३). त्यात देणाऱ्याकडून आलेलं पॅकेज, जतनाचं पॅकेज आणि वापरणाऱ्याला द्यायचं पॅकेज वेगवेगळं ठेवतात. फाइल आत घेतानाच तिचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून काढलेला आकडा, काढून ठेवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा काढून जुळवतात, एक बिट जरी बदलला तरी आकडा वेगळा येतो, मग दुसऱ्या जागच्या प्रतीवरून फाइल दुरुस्त करायची. पण फाइल शाबूत असणं आणि वाचता येणं यात फार फरक आहे. ब्रिटनची माहिती गोळा करणारा बीबीसीचा डोम्सडे प्रकल्प १९८६ मध्ये लेझर डिस्कवर आला आणि १५-१६ वर्षांतच तो वाचणारी मशीन मिळेनाशी झाली, तर १०८६ चं मूळ डोम्सडे बुक, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेची जुनी नोंदवही, आजही उघडून वाचता येतं! २००२ च्या सुमारास कॅमिलिऑन प्रकल्पाने इम्युलेशन करून, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर जुन्याची नक्कल चालवून, तो पुन्हा सुरू केला. फाइल वेळोवेळी नव्या फॉरमॅटमध्ये न्यावी की असं इम्युलेशन करावं हा वाद जुना आहे. साध्या इमेज आणि टेबलांना पहिला मार्ग सोपा पडतो, इंटरअॅक्टिव्ह गोष्टींना मात्र दुसराच बरा वाटतो.

सगळंच खुलं करावं असंही नाही. आदिवासी समुदायांच्या डेटावर त्यांचाच हक्क राहावा म्हणून २०१९ मध्ये केअर तत्त्वं मांडली गेली, त्यामुळे विधींची रेकॉर्डिंग किंवा पवित्र जागांचे नकाशे असतील तर आधी त्या समुदायाला विचारायचं आणि ते नको म्हणाले तर फाइल जतन करायची पण खुली करायची नाही.