पुलाला छप्पर कशासाठी?

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतल्या छपरी लाकडी पुलांचे फोटो हल्ली सारखे फिरत असतात. खाली ठरलेली ओळ: ‘घोडे पाण्याला बुजू नयेत म्हणून’ किंवा ‘रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून’. दुसरं कारण तर उलटंच आहे. हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून लोक मुद्दाम बर्फ आणून पुलाच्या फळ्यांवर पसरत.

छप्पर आहे ते पुलाच्या कैचीसाठी, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या बाजूच्या लाकडी सांगाड्यासाठी. व्हर्मांट आणि न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांना जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ सालचा, लांबी ४४९ फूट. त्याची कैची अमेरिकी वास्तुविशारद इथिएल टाउन यांच्या पद्धतीची (पेटंट १८२०): तिरक्या लाकडांची दाट जाळी, प्रत्येक छेदावर ओकच्या खुंट्या. जिथे दोन लाकडं एकमेकांवर टेकतात, त्या फटीत केशाकर्षणाने पाणी शिरतं. तिथे ऊन पोचत नाही, वारा लागत नाही.

लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची मोळी. ओलावा आधी नळ्यांच्या भिंतींत मुरतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी झालं की भिंती तृप्त होतात आणि पुढचं पाणी पोकळीत मोकळं साठू लागतं. बुरशीला हवं असतं तेच. तिची विकरं (एन्झाइम) या पाण्यातूनच भिंतीपर्यंत पोचतात आणि भिंतीला ताकद देणाऱ्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात. तपकिरी कुज आणणाऱ्या बुरशा सेल्युलोज फस्त करतात, त्यांना चिकटवून ठेवणारं लिग्निन बरंचसं मागे ठेवतात. म्हणून अशा लाकडाचे तपकिरी चौकोनी तुकडे पडतात. वाईट गोष्ट अशी, की वजन जेमतेम पाच-दहा टक्के घटेपर्यंत ताकद निम्म्याहून खाली आलेली असू शकते. साखळी मधेच तुटली की वजन तेवढंच राहतं, ताण मात्र पेलवत नाही. लाकडाचं कापलेलं टोक तर सर्वांत धोक्याचं, कारण तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात. ओलावा २० टक्क्यांच्या आत ठेवला की बुरशीचं काही चालत नाही. उघडा लाकडी पूल एक-दोन दशकांत कुजायचा, छपराखालचा दीडशे वर्षं उभा आहे. पत्रे-फळ्या बदलणं स्वस्त, कैची बदलणं नाही.

व्हर्मांटमध्येच स्टो गावाजवळ १८४४ सालचा असा एक पूल आहे. तिथे एमिली नावाच्या मुलीचं भूत रात्री कण्हतं म्हणे. ओलावा बदलला की लाकूड आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, सांधे घासतात, कुरकुरतात. भुताची सोय त्यातच झाली. पर्यटकांना मात्र एमिलीच हवी असते.

पावसावरचा हा उपाय पुरावर चालत नाही. कॉर्निश-विंडसरच्या जागी आधी तीन पूल होते, तिन्ही पुराने नेले. व्हर्मांटमधल्याच बार्टन्सव्हिलचा १८७० सालचा छपरी पूल २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात छपरासकट वाहून गेला. २०१३ मध्ये तिथे नवा पूल उभा राहिला, तोही टाउनच्याच जाळीचा आणि छपराचा.