राणीछाप रुपयाची पारख

विदर्भात ‘राणीछाप’, ‘कलदार’ किंवा नुसता ‘बंदा रुपया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिशकालीन चांदीचे नाणे अस्सल आहे की नकली, हे ठरवण्याची रीत. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात असा रुपया पुढे ठेवला, की दोन प्रश्न उभे राहतात : चांदी खरी आहे का आणि नाणे खरे आहे का. बहुतेक फसगत होते ती पहिल्याचे उत्तर दुसऱ्यालाही लागू धरल्याने.

लक्ष्मीपूजनासाठी राणी व्हिक्टोरिया किंवा पंचम जॉर्ज यांचे चित्र असलेली नवी नाणी विकली जातात. त्यांची चांदी अनेकदा मूळ रुपयाहून शुद्ध असते आणि कसोटीच्या दगडावर ती सहज उतरतात. मात्र त्यांतली पुष्कळशी १० ग्रॅमची, म्हणजे आजच्या बाजारी तोळ्याची असतात. मूळ रुपया जुन्या तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. हाताळून थोडे वजन घटते, पण ठसा ठळक असताना दीड ग्रॅमची तूट झिजेने पडत नाही.

याच्या उलटही घडते. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या एकसारख्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती, आणि राणीच्या व पुढच्या राजांच्या रुपयातही ते प्रमाण टिकले. १९४० मध्ये सहाव्या जॉर्जच्या रुपयात ते निम्म्यावर आणले गेले. हा रुपया कसाला कमी उतरतो म्हणून ‘खोटा’ ठरवून परत केला जातो, हा त्या नाण्यावर अन्याय आहे. तो सरकारी टाकसाळीचाच आहे.

घरी करता येण्याजोगी सर्वांत भरवशाची परीक्षा पाण्याची. नाजूक डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवावा. १९४० पूर्वीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबतो. तांबे-निकेलचा तेवढ्याच वजनाचा तुकडा १.३ दाखवतो. लोहचुंबकावर विसंबू नये. तो लोखंड पकडतो, तांबे-निकेलच्या बहुतेक मिश्रधातू त्याला दाद देत नाहीत. नाणे फरशीवर आपटून ‘खणखणीत’ आवाज ऐकण्याची सवय जुनी असली, तरी तिने कडेला खोक पडते.

त्यानंतर भिंग. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ दिसतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात आणि दातेरी किनारीवर साच्याचा जोड सापडतो. लेख आणि साल यांचा मेळही पाहावा. व्हिक्टोरियाच्या नावापुढे १८७७ पूर्वी ‘राणी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे, त्या सालापासून ‘सम्राज्ञी’ या अर्थाचा. १८६२ हे साल तर १८७४ पर्यंत गोठवलेलेच होते, त्यामुळे १८६८ चा चलनी रुपया कोणी दाखवला तर तिथेच थांबावे. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे लोकांना डुकरासारखा वाटला. ओरड झाल्यावर १९१२ पासून सोंड सुधारली गेली. या दोन हत्तींवर भिंग धरून पाहिले, की नजर तयार होऊ लागते. राम दरबार किंवा हनुमान आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेली ‘कंपनीची’ नाणी मात्र चलनात कधी आलीच नाहीत.

नागपूरच्या जुन्या डब्यांत भोसल्यांचे रुपयेही निघतात. ते मोगल बादशहाच्या नावाने, हाताने ठोकून पाडलेले. ठसा चकतीहून मोठा असल्याने लेख कडेला तुटतो, आणि ते तिथे स्वाभाविक आहे. यंत्रावर पाडलेल्या कलदारात तुटका लेख दिसला तर संशय घ्यावा. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, तरी घराघरांत दोन्ही रुपये एकाच पुरचुंडीत राहिले.

माळेसाठी कडी झाळलेला रुपया अस्सल असूनही संग्राहक कमी भाव देतात; कडी काढली तरी किनारीवर झाळेचा डाग उरतो. दर दिवाळीला राखेने नाहीतर चिंचेने घासलेल्या रुपयाचेही तसेच. राणीच्या केसांच्या बटा आधी सपाट होतात.

जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ताडून पाहण्यासाठी अस्सल नाणी १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात आहेत.