कॉम्प्रेसरचा डिजिटल ट्विन

डिजिटल ट्विन म्हणजे चालत्या यंत्राचे संगणकात ठेवलेले गणिती प्रतिरूप. आजच्या हवेत, आजच्या भारावर हा कॉम्प्रेसर धडधाकट असता तर त्याचे तापमान, दाब आणि वीज किती असती, हे ते सेन्सरच्या माहितीवरून काढत राहते आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहते. दोन्हींतला फरक दिवसेंदिवस एकाच बाजूला सरकू लागला की बिघाडाची सुरुवात झाली समजावी. स्क्रीनवर फिरणारे त्रिमितीय चित्र म्हणजे ट्विन नव्हे. मागे हे गणित नसेल तर ते चित्र देखरेखीच्या कामाचे नाही. या कल्पनेचे मूळ मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात केलेल्या मांडणीत आहे. उत्पादन उद्योगासाठीची आयएसओ २३२४७ ही मानकमाला २०२१ मध्ये आली.

खानदेशात डाळ मिलमधील सॉर्टेक्स (रंगावरून दाणे निवडणारे यंत्र), जिनिंग-प्रेसिंग, जळगावचे पाइप आणि चटईचे कारखाने कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या शीतगृहांचा भार रेफ्रिजरेशन कॉम्प्रेसरवर असतो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि एकाच आकड्यावर लावलेला अलार्म तिथेच फसतो.

दोन टप्प्यांच्या पिस्टन कॉम्प्रेसरचे उदाहरण घ्या. एकूण दाब-गुणोत्तर (बाहेरचा दाब भागिले आत येणारा दाब) ८ असेल तर प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला सुमारे २.८३ येते. आदर्श गणिताने ३० अंशांची हवा पहिल्या टप्प्यातून १३५ अंशांवर बाहेर पडते, तर ४५ अंशांची १५५ वर. अलार्म १५० वर असेल तर धडधाकट यंत्रही उन्हाळ्यात रोज दुपारी बोंब मारते. मग कोणीतरी तो १७० वर नेतो, आणि डिसेंबरमध्ये व्हॉल्व्ह गळून तापमान २० अंशांनी चढले तरी कोणाला पत्ता लागत नाही. ट्विन १३५ अपेक्षित धरून बसलेला असतो, म्हणून त्याला ते दिसते. दोष कोणत्या बाजूला आहे हे दोन टप्प्यांच्या मधल्या दाबावरून कळते: पहिल्या टप्प्याचे व्हॉल्व्ह गळत असतील तर हा दाब अपेक्षेपेक्षा खाली येतो, दुसऱ्याचे गळत असतील तर वर जातो. फिटरला नेमके कोणते हेड खोलायचे ते आधीच ठाऊक असणे, हा ट्विनचा खरा फायदा.

तेलाच्या स्क्रू कॉम्प्रेसरचे (फिरत्या रोटरांमध्ये हवा दाबणाऱ्या) दुखणे वेगळे. बहुतेक यंत्रे सुमारे ११० अंशांना ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. जिनिंगमध्ये कापसाचा तंतू कूलरच्या जाळीवर बसतो, त्यामुळे कूलरमधून निघणारे तेल आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातला फरक हळूहळू वाढतो. हा फरक पाहिला तर ट्रिप होण्याच्या बऱ्याच आधी जाळी साफ करता येते. पावसाळ्यात मात्र उलटी भीती असते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा ८ बार निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेल्या) दाबाला नेली की सुमारे ६७ अंशांखाली तिच्यातले पाणी सुटते. यंत्र बराच वेळ अनलोड (हवा न दाबता नुसते फिरत) राहून तेलाचे तापमान त्याखाली आले तर पाणी तेलात मिसळते आणि बेअरिंगचे आयुष्य खाते. म्हणून ट्विनमध्ये तेल-तापमानाची खालची मर्यादाही हवी, आणि ती रोजच्या आर्द्रतेवर काढलेली हवी.

शीतगृहात जिथे अमोनिया प्लांटला बाष्पीभवनी कंडेन्सर असतो, तिथे कोरडे तापमान दिशाभूल करते. मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचे तापमान (थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळून मोजलेले) सुमारे २४ अंशच असते. जुलैत ३० अंश आणि ८० टक्क्यांना ते २७ वर जाते. म्हणजे कंडेन्सरला आषाढ जड जातो, वैशाख नव्हे. ओल्या फडक्याच्या तापमानाची नोंद नसलेला ट्विन जुलैतला वाढीव दाब बिघाड म्हणून दाखवेल. ती नोंद धरूनही दाब जास्तच राहिला, तर बहुधा बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांवर चढला आहे किंवा प्लांटमध्ये हवा शिरली आहे.

मोजमापांत आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचा दाब व तापमान, तेलाचे तापमान, फिल्टर आणि सेपरेटरच्या (हवेतून तेल वेगळे करणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक, आर्द्रता आणि वीज इतके तरी लागते. वीज किलोवॅटमध्येच घ्यावी. व्होल्टेज पडले की तेवढ्याच कामाला अँपिअर वाढतात आणि कॉम्प्रेसरवर नाहक ठपका येतो. या नोंदींना दर काही सेकंदांचे अंतर पुरते. कंपनासाठी मात्र सेकंदाला हजारो नमुने लागतात. स्क्रू कॉम्प्रेसरचा ४ पाकळ्यांचा रोटर मिनिटाला २९६० फेरे घेत असेल तर त्याच्या पाकळ्या जुळण्याची वारंवारता सुमारे १९७ हर्ट्झ येते. ती रोजचीच असते, तिला बिघाड समजू नये. कंपन-सेन्सर बेअरिंगच्या घरावर घट्ट बसवावा, पत्र्याच्या कव्हरवर नव्हे.

ट्विन फसतो तो बहुधा नोंदींमुळे. फक्त हिवाळ्यातल्या माहितीवर बसवलेले गणित एप्रिलमध्ये निरुपयोगी ठरते, म्हणून हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा तिन्ही त्यात यावे लागतात. एकच आकडा अचानक उडी मारतो आणि बाकीचे जागेवर राहतात, तेव्हा आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी. खरा बिघाड सहसा दोन-तीन ठिकाणी उमटतो. ओव्हरहॉलनंतर, व्हॉल्व्ह किंवा तेलाचा ग्रेड बदलल्यावर यंत्र वेगळे वागते, तेव्हा गणिताचा पाया नव्याने घ्यावा आणि बदलाची तारीख त्याच नोंदवहीत चढवावी.