राजमान्य राजश्री (रा. रा.)

मराठी पत्राच्या मायन्यात आणि पत्त्यावर पुरुषाच्या नावाआधी लिहिली जाणारी जुनी आदरदर्शक उपाधी. राजाने ज्याचा मान राखला तो ‘राजमान्य’ आणि राजवैभवाने शोभणारा तो ‘राजश्री’. जुन्या कागदांत ‘राजेश्री’ असेही रूप आढळते.

मराठेशाहीत मायना हा केवळ शिष्टाचार नव्हता. लिहिणारा आणि घेणारा यांचे परस्परांतील स्थान त्यातूनच ठरे. पेशव्यांकडून सरदारांना गेलेल्या पत्रांत माथ्यावर ‘श्री’, त्याखाली ‘राजश्री अमुक गोसावी यांसि’ आणि मग ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य’ अशी मांडणी पुष्कळदा दिसते. पुढे नमस्कार किंवा आशीर्वाद लिहून ‘उपरि विशेष’ या शब्दांनी मजकुराला सुरुवात होई. मोडी लिहिणारे कारकून शब्द तोडून पुढे दोन दंड देत, त्यामुळे ‘रा॥’ एवढ्या खुणेनेही काम भागे. छपाईत दंडांच्या जागी पूर्णविराम आले आणि ‘रा. रा.’ रूढ झाले.

राज्य गेले तरी हा शब्द टिकला, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. मान देणारा राजा उरला नव्हता, तरी शिक्षक, वकील, दुकानदार अशा कोणालाही ‘रा. रा.’ लिहिले जाऊ लागले आणि दरबारी उपाधीची साधी नागरी अदब झाली. नात्यातल्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’ आणि नात्याबाहेरच्या बरोबरीच्या माणसाला ‘रा. रा. अमुक यांस, सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असा रिवाज होता. मुलगा वडिलांना लिही तेव्हा आतला मायना ‘ती. दादांस’ असला, तरी पाकिटावर पुष्कळदा ‘रा. रा.’ असे, कारण आतले अक्षर घरच्यांसाठी आणि बाहेरचे चारचौघांसाठी होते. वेदविद्येच्या अधिकाऱ्यांस मात्र ‘वे. शा. सं.’ (वेदशास्त्रसंपन्न) लिहीत. स्त्रियांसाठी या उपाधीचे रूप नव्हते. त्यांची ओळख ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) अशी वैवाहिक स्थितीवरूनच दिली जाई, ही या पद्धतीतील मोठी उणीव होय.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नियतकालिकांत लेखकांचा उल्लेख ‘रा. कोल्हटकर’, ‘रा. खाडिलकर’ असा एकाच ‘रा.’ने होत असे. पुढे ‘श्रीयुत’ आणि ‘श्री.’ यांनी या उपाधीची जागा घेतली.