ऑलिव्ह फळांतील प्रतिऑक्सिडीकारके व संप्रेरक प्रक्रिया

ऑलिव्हच्या (जैतून, शास्त्रीय नाव ओलिया यूरोपिया, कुल ओलिएसी) फळांतील फिनॉलिक संयुगे, रंगद्रव्ये इत्यादी प्रतिऑक्सिडीकारकांचे (अँटिऑक्सिडंट्सचे) प्रमाण बदलावे या हेतूने झाडावर किंवा फळांवर वनस्पती-संप्रेरके अथवा तत्सम कृत्रिम द्रव्ये वापरण्याची पद्धती. वनस्पती स्वतः तयार करते ते संप्रेरक (हार्मोन). बागायतदार मात्र फवारणीच्या अशा सर्वच द्रव्यांना सरसकट ‘संजीवके’ म्हणतात. इथेफॉन (बाजारातले इथ्रेल) हे काटेकोरपणे संप्रेरक नव्हे. आम्लधर्मी द्रावणात ते टिकते आणि ऊतकात शिरल्यावर, सामू (पीएच) वाढताच, त्याचे विघटन होऊन एथिलीन हे वायुरूप संप्रेरक सुटते. विहिरीच्या जास्त सामूच्या पाण्यात ते कालवले तर हे विघटन टाकीतच सुरू होते.

पुणे परिसरात ऑलिव्हची व्यापारी लागवड नाही. फुलकळी धरण्यासाठी या झाडाला थंडी लागते, ती पुण्याच्या सौम्य हिवाळ्यात पुरेशी मिळत नाही. भारतातील मोठा प्रयत्न राजस्थानात, इस्राएलच्या साहाय्याने, २००७–०८ च्या सुमारास सुरू झाला. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारे पार जांभूळ (ओलिया डायोइका) हे याच प्रजातीतले (जीनसमधले). मात्र तेलासाठी ते लावले जात नाही. मूळ ऑलिव्हचे माणसाळणे सामान्यतः पूर्व भूमध्य प्रदेशात, सुमारे ६,००० वर्षांपूर्वी झाले असे मानतात. ते एकाच ठिकाणी झाले की अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे, याबद्दल मतभेद आहेत. पूर्वेकडे एक प्रमुख केंद्र व नंतर पश्चिमेकडील रानटी झाडांशी संकर, हे मत उपलब्ध जनुकीय पुराव्याशी अधिक जुळते.

कच्च्या फळाचा कडवटपणा मुख्यतः ओल्यूरोपीन या संयुगामुळे असतो. बूर्केलो व व्हँतिलेस्को यांनी ते १९०८ मध्ये वेगळे केले. कोवळ्या फळात त्याचे प्रमाण शुष्क वजनाच्या १४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. फळ पिकत जाते तसे ते घटते आणि सालीत अँथोसायनिने (लाल-जांभळी रंगद्रव्ये) साठू लागतात. म्हणजे पक्वतेबरोबर एक प्रतिऑक्सिडीकारक उतरतो, दुसरा चढतो. ‘संप्रेरकाने प्रतिऑक्सिडीकारके वाढली’ या विधानाला म्हणूनच, कोणती व कुठे हे सांगितल्याशिवाय, फारसा अर्थ राहत नाही. फिनॉले मोजण्याची नेहमीची फोलिन–सिओकाल्टो चाचणी क्षपणक्षम (ऑक्सिडीभवन रोखू शकणाऱ्या) द्रव्यांची एकत्रित बेरीज देते. घटक वेगळे मोजायला सहसा द्रव वर्णलेखन (लिक्विड क्रोमॅटोग्राफी) लागते.

पक्वतेत एथिलीनचा वाटा किती, हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त भाग आहे. केळी किंवा आंब्यात श्वसन एकाएकी उसळते आणि एथिलीन त्या उसळीला चालना देते. ऑलिव्हमध्ये अशी ठळक उसळी बहुधा आढळत नाही, म्हणून बहुतेक अभ्यासक त्याला उसळीविरहित फळांत घालतात. मात्र बाहेरून दिलेल्या एथिलीनला फळ प्रतिसादच देत नाही असे नाही: देठाशी विलगस्तर (फळ सुटण्याचा पेशीथर) तयार होऊन ते सैल होते. यंत्राने तोडणी सोपी व्हावी म्हणून इथेफॉन वापरले गेले ते याच गुणामुळे. त्यात पानगळ होते आणि पुढच्या बहराला फटका बसतो, ही त्याची जुनी अडचण. रंगाच्या बाबतीत सायटोकायनिनांचा (पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या संप्रेरकांचा) पुरावा लक्षणीय आहे. शुलमन व लाव्ही यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मान्झानियो’ जातीच्या हिरव्या फळांमध्ये कायनेटिन या सायटोकायनिनामुळे अँथोसायनिनांचा संचय वाढला. सायटोकायनिने सहसा ऊतकांचे वार्धक्य लांबवणारी म्हणून ओळखली जातात, त्यामुळे हा निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध वाटतो. एथिलीन हाच रंगाचा एकमेव नियंत्रक मानणारे मत त्यापुढे टिकणे कठीण आहे.

जास्मोनेट गटातील मिथिल जास्मोनेट हे द्रव्य १९६२ मध्ये चमेलीच्या तेलातून वेगळे केले गेले. चमेली व ऑलिव्ह एकाच कुलातल्या, हा योगायोग. कीड किंवा जखम झाल्यावर वनस्पती जी संरक्षक संयुगे बनवते, त्यांच्या निर्मितीला जास्मोनेटे चालना देतात. फिनॉलांच्या निर्मितीतील फिनिलॲलॅनिन अमोनिया-लायेज या विकराची (एन्झाइमाची) क्रिया वाढणे हा त्याचा एक मार्ग. ॲब्सिसिक अम्ल या संप्रेरकाचा संबंध पाण्याच्या ताणाशी आहे. पाणी तोडलेल्या बागांतील तेलात फिनॉले जास्त आढळतात, ही निरीक्षणे कोणत्याही फवारणीच्या निष्कर्षांपेक्षा अधिक भक्कम आहेत. नॅफ्थलीन ॲसिटिक अम्लाची (एनएए) फवारणी मात्र विरळणीसाठी असते. एक वर्षाआड येणारा बहर सावरणे व फळाचा आकार वाढवणे हा तिचा हेतू.

फळातले सगळे तेलात येत नाही. अँथोसायनिने पाण्यात विरघळतात, ती चोथा व सांडपाण्याबरोबर जातात. फिनॉलांचाही अल्पच अंश तेलात उतरतो. दळताना बीटा-ग्लुकोसिडेज विकर ओल्यूरोपीन तोडते व त्यातून तेलात विरघळणारी संयुगे बनतात. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमानुसार आरोग्यविषयक दाव्यासाठी २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल (ऑलिव्हमधील एक फिनॉल) व त्याची साधिते (त्यापासून बनलेली संयुगे) किमान ५ मिग्रॅ. असावी लागतात. पुण्यात पिझ्झावर दिसणाऱ्या काळ्या चकत्या बहुधा पिकलेल्या फळाच्या नसतात: हिरवे फळ दाहक सोड्यात (कॉस्टिक सोडा) ठेवून, हवा खेळवून काळे करतात व फेरस ग्लुकोनेटने रंग पक्का करतात. यात ओल्यूरोपीन जवळजवळ संपते.

पुणे जिल्ह्यात हेच तंत्र द्राक्षात रुळलेले आहे. जुन्नर–नारायणगाव पट्ट्यातील काळ्या द्राक्षांत मण्यात पाणी उतरू लागताच रंगासाठी इथेफॉन देतात. मण्यांच्या फुगवणीसाठीचे जिबरेलिक अम्ल (‘जीए’) त्याआधी, फवारून किंवा घड बुडवून. मात्रा व वेळ चुकल्यास मणीगळ होते, आणि निर्यातीच्या मालात फवारलेल्या द्रव्यांच्या अवशेषांची मर्यादा पाळावी लागते. अवशेष-तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात (स्थापना १९९७) आहे. याच केंद्राने काढलेली ‘मांजरी मेडिका’ ही रसाची जात अँथोसायनिनांनी समृद्ध आहे. तो गुण ‘पुसा नवरंग’ व ‘फ्लेम सीडलेस’ यांच्या संकरातून आला, फवारणीतून नव्हे.