ढोलकी यादीबाहेर कशी राहिली : मिडी मॉड्यूल आणि आपल्याकडचं रेकॉर्डिंग

जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडी केबलने जोडून वाजवले गेले. मिडी म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा याच्या सूचना एका वाद्याकडून दुसऱ्याकडे नेण्याची पद्धत; त्यात आवाज जात नाही, फक्त सूचना जातात. पाच पिनांची केबल, सोळा चॅनल, सेकंदाला 31,250 बिट हे सगळं त्याच वर्षी पक्कं झालं. दोन वर्षांनी मिडी पोर्ट अंगातच असलेला अटारी एसटी संगणक आला. मराठवाड्यात हे सगळं बरंच उशिरा, ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डांबरोबर पोचलं.

इथल्या वादकांना खरा ताप झाला तो 1991 च्या जनरल मिडीचा. एका मॉड्यूलवर (मिडीच्या सूचनांवरून आवाज काढणाऱ्या पेटीवर) केलेली फाइल दुसऱ्यावर तशीच वाजावी म्हणून 128 आवाजांचा क्रम ठरवला गेला आणि दहावा चॅनल तालवाद्यांना दिला. हेतू रास्तच होता. पण यादी बघा : सतार 105 वर, शहनाई 112 वर, तबला, ढोलकी, हलगी कुठेच नाही. दहाव्या चॅनलवर 35 ते 81 या सूर-क्रमांकांच्या 47 जागा आहेत, प्रत्येकीवर एक तालवाद्याचा आवाज. त्यांत बोंगो, कोंगा, टिंबाली आहेत, ब्राझीलच्या कुइकाला तर दोन जागा आहेत. आपल्या थापेला एकही नाही. प्रत्येक कंपनीने आपापल्या बँका, म्हणजे आवाजांचे जादा संच, जोडाव्यात, त्याला मोकळीक आहे, असं तेव्हाच्या निर्णयाच्या बाजूने म्हणता येतं. कंपन्यांनी त्या जोडल्याही, पण प्रत्येकीचे बँक नंबर वेगळे. फाइल एकसारखी वाजण्याची सोय आपल्या तालापाशी येऊन थांबली.

याचा फटका बसायचा भीमजयंतीच्या तोंडावर, नव्या गाण्यांची घाई असताना. परभणीत घरच्या कीबोर्डवर बांधलेली चाल फ्लॉपीवर घालून संभाजीनगरच्या स्टुडिओत न्यायची, आणि तिथल्या मॉड्यूलवर ढोलकीच्या ट्रॅकवर काउबेल ऐकू यायची. त्यावर उपाय असा : गाण्याआधी एक रिकामी मात्रा नव्हे, पूर्ण रिकामं आवर्तन सोडायचं. त्यात मॉड्यूलला सूचना द्यायच्या : आधी कंट्रोलर 0, मग 32 (या दोन्ही बँक निवडतात), शेवटी प्रोग्राम चेंज (ही त्या बँकेतला आवाज निवडते). क्रम चुकला की मॉड्यूल बँक बदलतच नाही. वर नंबरांचा घोळ वेगळाच. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात. तिथे शहनाईसाठी 112 टाकलं की छोट्या घंट्या किणकिणतात, 111 टाकावं लागतं. भारनियमनाच्या काळात तर हे रिकामं आवर्तन फारच कामी आलं, कारण वीज जाऊन आली की मॉड्यूल मूळ आवाजांवर जायचं आणि फाइलच ते पुन्हा लावून घ्यायची.

1999 मध्ये यूएसबीवरून मिडी नेण्याची पद्धत ठरली, केबलची कटकट कमी झाली. पुढे सॉफ्टवेअरमधलीच वाद्यं आली आणि बऱ्याच स्टुडिओंमधली मॉड्यूलं कपाटात गेली. 2020 चं मिडी 2.0 बारकावे जास्त नेतं, पण जुन्या फाइलींतले बँक नंबर त्याने बदलत नाहीत. ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत, त्यांनी ते मूळ मॉड्यूल चालू आहे तोवर लाइन आउटमधून ढोलकीचा ट्रॅक स्वतंत्र ऑडिओ म्हणून उतरवून घ्यावा, आणि बँक नंबर फाइलच्या नावातच लिहून ठेवावेत.